अक्षरांआधीची चित्रे

म्हैसूर शहरात २४ ऑक्टोबर १९२१ रोजी जन्मलेल्या रासीपुरम कृष्णस्वामी लक्ष्मण यांना सारा देश आर. के. लक्ष्मण या नावाने ओळखतो. घरची भाषा तमिळ, अंगणाबाहेरची कन्नड, वडिलांच्या टेबलावरची इंग्रजी, आणि पुढे ज्या शहरात त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ काम केले त्या मुंबईच्या रस्त्यावरची मराठी. बेळ्ळंदूरच्या आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांना भाषांची ही सरमिसळ मुळीच नवी वाटणार नाही. आज चौथीपर्यंतच्या वर्गांत बसणाऱ्या बहुतेक मुलांचा जन्म लक्ष्मण यांच्या निधनानंतरचा आहे. त्यांच्या आईवडिलांनी आणि आमच्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र सकाळच्या चहाबरोबर त्यांचा 'कॉमन मॅन' पाहिलेला आहे. हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा मी त्यांचेच निवडले. आणि त्यातही विशेष करून तो भाग, जो घडला तेव्हा लक्ष्मण यांना वाचताही येत नव्हते.

वडील कृष्णस्वामी अय्यर हे मुख्याध्यापक होते. शिस्तीचे, करडे आणि वाचनाचे मोठे भोक्ते. मुख्याध्यापकाच्या घरात पुस्तके असतात यात नवल नाही. या घरात त्याबरोबर इंग्लंडहून येणारी सचित्र नियतकालिकेही होती. 'पंच', 'स्ट्रँड', 'बायस्टँडर', 'वाइड वर्ल्ड', 'टिट-बिट्स' ही त्यांपैकी काहींची नावे. शेरलॉक होम्सच्या कथा ज्यात प्रथम छापल्या गेल्या ते 'स्ट्रँड' आणि १८४१ पासून इंग्रज समाजाची टवाळी करत आलेले 'पंच' ही मोठ्या माणसांची मासिके-साप्ताहिके होती. मुलांसाठी म्हणून त्यांत काही नसे. तरीही सहा भावांतले हे शेंडेफळ जमिनीवर पालथे पडून त्यांची पाने तासन् तास उलटीत राही. खालच्या ओळी वाचता येत नव्हत्या, त्यामुळे सगळा अर्थ चित्रातूनच काढावा लागे. हा जाडा गृहस्थ रागावला आहे हे त्याच्या भुवयांवरून कळायचे. त्याच्यामागे उभा असलेला नोकर हसू दाबतो आहे हे त्याच्या खांद्यांवरून. आधी काय झाले असेल आणि पुढच्या क्षणी काय होईल हे ज्याचे त्याने ठरवायचे.

शिक्षणशास्त्राच्या वर्गात आम्ही वाचनपूर्व तयारी हा विषय शिकतो. त्यात रेघा ओढणे, आकार ओळखणे, डावीकडून उजवीकडे नजर फिरवणे अशा कृती येतात. चेहरा वाचणे ही कृती मात्र कुठल्याही आराखड्यात मला आढळलेली नाही. लक्ष्मण यांचे पहिले वाचन ते होते, आणि पुढच्या आयुष्यात त्यांनी ज्याच्यावर भाकरी मिळवली तेही तेच.

पाहून झाले की काढून पाहायचे. घरातल्या जमिनी, भिंती, दारे यांवर चित्रे उमटू लागली. शाळेत गेल्यावर वहीच्या कडांवर शिक्षक अवतरले. इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. या घराने मुलाला चित्रकार करण्यासाठी काही विशेष केले नाही. कोणी कलागुरू नेमला नाही, कोणी रंगपेट्यांचे ढीग आणून दिले नाहीत. त्याचा हात मात्र कोणी धरला नाही. भिंती खराब होतात म्हणून खडू काढून घेतला असता तर काय झाले असते याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही, पण मुख्याध्यापकाच्या घरातही भिंतींना थोडे सोसावे लागले, एवढे आमच्या पालकांनी लक्षात ठेवावे.

पहिली दाद शाळेत मिळाली. लक्ष्मण यांनी काढलेले पिंपळाचे पान एका शिक्षकांना आवडले आणि त्यांनी त्याचे कौतुक केले. घटना एवढीच. कोणी पारितोषिक दिले नाही, कोणी नाव फळ्यावर लिहिले नाही. परंतु आपण चित्रकार होऊ शकतो, ही जाणीव मनात त्या दिवशी रुजली असे लक्ष्मण म्हातारपणापर्यंत सांगत आले. पिंपळाचे पान काढायला वाटते तितके सोपे नसते. आंब्याचे पान लांबट असले की भागते. पिंपळाच्या पानाला रुंद खांदे, मधली ठळक शीर, लांब देठ आणि शेपटीसारखे निमुळते टोक असते, आणि त्या टोकाची लांबी चुकली तर ते पिंपळाचे राहत नाही. ज्या मुलाने ते नीट काढले त्याने आधी ते नीट पाहिलेले असते. त्या शिक्षकांनी हे ओळखले असावे. त्यांचे नाव आज कोणाच्या ओठावर नाही, आणि आमच्या पेशात ते तसेच असते.

याच सुमारास मद्रासच्या 'द हिंदू' या दैनिकात अधूनमधून एका परदेशी व्यंगचित्रकाराची चित्रे छापून येत. जाड, काळीभोर, कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात उतरलेली रेघ. पुढाऱ्यांचे अर्कचित्र असे की माणूस ओळखूही यावा आणि उघडाही पडावा. खाली सही असे. त्या सहीतले पहिले इंग्रजी अक्षर वेगळे वाटल्यामुळे लक्ष्मण यांनी कित्येक दिवस ते नाव 'काऊ' असे वाचले, म्हणजे इंग्रजीतली गाय. नाव होते लो, डेव्हिड लो. मराठी घरातल्या मुलाने ती सही तशी वाचली असती तर त्याला गाय दिसली नसती, कावळा दिसला असता. आणि लक्ष्मण यांच्या बाबतीत तेही चुकीचे ठरले नसते, हे पुढे येईलच.

या डेव्हिड लो यांची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते मूळचे न्यूझीलंडचे, जन्म १८९१ चा. त्यांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये 'कॉमिक कट्स' नावाचे अर्ध्या पेनीचे साप्ताहिक सुरू झाले होते, आणि तसली स्वस्त चित्रांकित पाने जहाजातून न्यूझीलंडपर्यंत पोहोचत. लो लहानपणी त्यांवरच वाढले. थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर आईवडिलांनी अशी समजूत करून घेतली की अतिअभ्यासाने तो मुलगा खंगला होता, आणि म्हणून डेव्हिडला शाळेतून काढून घेतले. (मुख्याध्यापिकेने हे छापावे का, असा प्रश्न मला पडला होता. पण चरित्र हे चरित्र आहे.) १९०२ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांची तीन चौकटींची एक चित्रमालिका 'बिग बजेट' या ब्रिटिश कॉमिकमध्ये छापून आली. हाच मुलगा पुढे लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'चा व्यंगचित्रकार झाला आणि हिटलर-मुसोलिनी यांना रोज रेघांनी सतावू लागला. लंडनच्या अर्ध्या पेनीच्या पानातून न्यूझीलंडच्या मुलाकडे, आणि त्याच्या हातून मद्रासच्या वर्तमानपत्रामार्गे म्हैसूरच्या मुलाकडे अशी ही वाट आली. यांतल्या कोणीही कोणाला शिकवण्यासाठी काही काढले नव्हते.

लो यांच्या चित्रांचे अनुकरण लक्ष्मण यांनी केले का? केले, मनसोक्त केले. पण नुसत्या अनुकरणावर थांबले असते तर म्हैसूरमध्ये बसून लंडनचे धुके आणि उंच टोप्या काढणारा आणखी एक हौशी मुलगा एवढेच त्यांचे स्थान राहिले असते. झाले ते निराळेच. परदेशी चित्रे पाहून पाहून त्यांना आपल्या खिडकीबाहेर पाहण्याची चटक लागली. वाळलेल्या काटक्या, गळलेली पाने, सरपटणारे सरडे, लाकडे फोडणारा गडी, समोरच्या घरांच्या छपरांवर बसलेले कावळे यांची चित्रे ते काढू लागले. मासिकातल्या चित्रकाराने लंडनच्या रस्त्याकडे जसे पाहिले तसे आपण आपल्या गल्लीकडे पाहायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. बालपणीच्या चित्रांचा प्रभाव म्हणतात तो मला इथे दिसतो. रेघेची लकब उसनी आणता येते, पण त्या रेघेने काय टिपायचे ते आपल्याच अंगणात शोधावे लागते.

कावळा त्यांच्या आयुष्यातून कधीच गेला नाही. मोर, पोपट, राजहंस यांचे कौतुक सगळे करतात. हा काळा, धूर्त, सदा सावध पक्षी कोणाला सुंदर वाटत नाही, आणि लक्ष्मण यांना नेमका तोच आवडे. त्यांनी कावळ्यांची असंख्य चित्रे काढली, रंगवली, त्यांची प्रदर्शने भरवली. देशातील पंतप्रधानांची नाके लांब-आखूड करण्याचे काम रोज करणारा हा माणूस सवड मिळाली की कावळा काढायला बसे. काळ्या रंगावर प्रेम असल्याखेरीज काळ्या शाईचा असा चित्रकार होत नाही, असे मला वाटते.

घरातली तीच मासिके भावांनीही हाताळली होती. त्यांतले एक, वयाने पंधरा वर्षांनी मोठे, म्हणजे कादंबरीकार आर. के. नारायण. एकाच टेबलावरच्या कागदांतून एकाने वाक्य उचलले, दुसऱ्याने रेघ. प्रभाव म्हणजे साच्यातून विटा काढणे नव्हे, याचा याहून चांगला दाखला शोधूनही सापडायचा नाही. धाकटा भाऊ गल्लीतल्या मुलांचा क्रिकेट संघ चालवीत होता; त्या संघाच्या आणि त्या भावाच्या उचापतींवरून नारायण यांना कथा सुचल्या, 'डोडू' त्यांपैकीच एक. पुढे नारायण यांच्या कथा 'द हिंदू'त छापल्या जाऊ लागल्या तेव्हा त्यांची चित्रे लक्ष्मण यांनी काढली. मालगुडी हे गाव नकाशावर नाही, तरी त्याचे रस्ते आपल्याला ओळखीचे वाटतात, याचे निम्मे श्रेय त्या चित्रांना आहे. शंकर नाग यांनी १९८६ मध्ये दूरदर्शनसाठी 'मालगुडी डेज' ही मालिका केली. तिच्यातली रेखाचित्रेही लक्ष्मण यांचीच. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांच्या कानांत ती धून अजून असेल.

जरा विषयांतर करते. आमच्या ग्रंथालयात चित्रकथांचे एक कपाट आहे आणि दर वर्षी पालकसभेत कोणी ना कोणी त्याविषयी विचारतेच. मराठी माध्यमात मुलाला घातले ते मराठी वाचावे म्हणून. हे फुगे आणि चौकटी पाहून तो वाचणार कधी, असा तो प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. बेळ्ळंदूरच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मुलांना मराठीचा फलक दिसत नाही. बाहेरच्या वळणरस्त्यावरच्या कचेऱ्यांची भाषा इंग्रजी, भाजीवाल्याची कन्नड, शेजाऱ्याची कधी तेलुगू तर कधी हिंदी. मराठी पान हाती आले की त्यातला अनोळखी शब्द मुलाला अडवतो. अशा वेळी शब्दाशेजारी चित्र असेल तर मूल अडखळत का होईना, पुढे सरकते. आपल्यापैकी पुष्कळांनी 'चांदोबा'तला विक्रम आणि त्याच्या पाठीवरचा वेताळ आधी पाहिला आणि मग वाचला. 'इंद्रजाल'च्या अंकातला मुखवट्याचा वेताळ निराळा, हेही आधी डोळ्यांनाच कळले. 'अमर चित्रकथा' ही तर आपल्या शहराशीही नाते असलेली गोष्ट. तिचे पहिले दहा अंक कन्नडमध्ये निघाले, आणि त्यांत परदेशी परीकथा होत्या. आज जिच्यापासून मालिकेची सुरुवात झाली असे सगळे समजतात ती अनंत पै यांची 'कृष्ण' ही क्रमाने अकरावी. त्या मालिकेतली चित्रे पाहत वाढलेली मुले पुढे जाहिरातीत, चित्रपटात, संगणकावरच्या खेळांच्या आरेखनात गेली. आमचेही काही विद्यार्थी त्यांत आहेत, आणि भेटायला आले की ते आधी त्या कपाटाकडे जातात.

बेंगळुरूशी नाते असलेले आणखी एक नाव इथे घ्यायला हवे. मारिओ मिरांडा हे गोव्याच्या लोटली गावचे. शालेय शिक्षणासाठी ते इथल्या सेंट जोसेफ शाळेत होते. तेही लहानपणी घराच्या भिंती रंगवीत. त्यांच्या आईने एक दिवस त्यांच्या हाती कोरी वही दिली, आणि ती चित्रमय रोजनिशी त्यांनी वर्षानुवर्षे चालू ठेवली. म्हैसूरच्या घराने भिंती सोसल्या, लोटलीच्या आईने वही दिली. दोन्ही उपाय स्वस्त आहेत.

आता लक्ष्मण यांच्याकडे वळू. ते शाळेत असतानाच वडिलांना पक्षाघात झाला आणि सुमारे वर्षभरात ते गेले. थोरल्यांनी घराचा भार उचलला, धाकट्याचे शिक्षण थांबू दिले नाही. शाळा संपल्यावर त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेकडे अर्ज केला. सोबत ती सारी खिडकीबाहेरची चित्रे पाठवली, काटक्यांची, सरड्यांची आणि कावळ्यांची. संस्थेच्या प्रमुखांकडून नकार आला. या संस्थेत प्रवेश मिळण्याजोगी गुणवत्ता या चित्रांत नाही, असा त्याचा आशय होता.

दहावीच्या निकालानंतर माझ्या खोलीत येऊन बसणाऱ्या पालकांना मी हा प्रसंग पुष्कळदा सांगितला आहे. मात्र पुढचा भाग सांगितल्याशिवाय तो अपुरा राहतो. लक्ष्मण रागावून शिक्षण सोडून बसले नाहीत. त्यांनी म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात नाव घातले आणि कला शाखेची पदवी घेतली. तत्त्वज्ञान, राजकारण, अर्थकारण यांची जी जाण त्यांच्या चित्रांत पुढे दिसते, तिच्यामागे हे शिक्षणही असणार. कलाशाळेतून ते चांगले चित्रकार होऊन बाहेर पडले असते. राजकीय व्यंगचित्रकार झाले असते की नाही, मला शंका आहे. बऱ्याच वर्षांनी त्याच कलाशाळेने त्यांना सन्माननीय पाहुणे म्हणून बोलावले. तो प्रसंग ते हसत सांगत.

महाविद्यालयात असतानाच त्यांची चित्रे छापून येऊ लागली होती. त्या काळात त्यांना हात देणाऱ्यांत बेंगळुरूचे एक डॉक्टर होते. मॅजेस्टिक भागात दवाखाना चालवणाऱ्या डॉ. एम. शिवराम यांनी १९४२ मध्ये 'कोरवंजी' नावाचे कन्नड विनोदी मासिक काढले. रुग्णांना औषध आणि वाचकांना हसू, असे दोन्ही व्यवसाय एकत्र चालवणारे हे गृहस्थ कन्नडमधले नामवंत विनोदकार होते. लक्ष्मण यांनी 'कोरवंजी'साठी चित्रे काढली आणि शिवराम यांनी या तरुणाला मनापासून उत्तेजन दिले. लक्ष्मण यांच्या कारकिर्दीचा हा आरंभीचा अंक आज फारसा कोणाला आठवत नाही. महात्मा गांधी रस्त्याजवळ मिडफर्ड हाउसमध्ये व्यंगचित्रांचे एक दालन आहे. शाळेची सहल तिथे नेतो तेव्हा मॅजेस्टिकवरून जाताना मी मुलांना हे मुद्दाम सांगते. बसस्थानकाच्या त्या गजबजाटात कोणाला काही ऐकू येत नाही, हा भाग वेगळा.

मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत एका उन्हाळ्यापुरते काम, नियतकालिकांतली फुटकळ चित्रे, आणि मग मुंबई. तिथे 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये राजकीय व्यंगचित्रकार म्हणून त्यांना पहिली पूर्णवेळ नोकरी मिळाली. शेजारच्या टेबलावर बाळ ठाकरे हे सहकारी होते. कोणाची चेष्टा करावी आणि कोणाची नाही यावर बंधने येऊ लागली तेव्हा लक्ष्मण तिथून बाहेर पडले. 'टाइम्स ऑफ इंडिया'त ते रुजू झाले आणि तिथेच पन्नास वर्षांहून अधिक काळ राहिले.

पहिल्या पानावरची ती लहानशी चौकट १९५१ मध्ये सुरू झाली. या चौकटीतल्या माणसाच्या जन्माची कथा मला फार बोधप्रद वाटते, कारण ती वगळण्याची कथा आहे. सुरुवातीच्या चित्रांत लक्ष्मण गर्दी काढीत. भारत दाखवायचा म्हणजे पगडीवाला हवा, टोपीवाला हवा, लुंगीवाला हवा, बंगाली धोतरातला हवा. रोजची वेळ ठरलेली, छापखाना थांबत नाही. एक एक माणूस गळत गेला आणि शेवटी एकटा उरला. टकलाभोवती पांढऱ्या केसांची झालर, फुगीर नाकावर चष्मा, झुपकेदार मिशा, चौकड्यांचा कोट आणि धोतर. कुठल्या प्रांताचा ते सांगता येत नाही. म्हैसूरचा म्हणावा तर तसा दिसतो, पुण्याच्या पेठेतला म्हणावा तर तसाही.

आणि हा माणूस बोलत नाही. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, त्याची बायको तर ठणकावून बोलते. तो कोपऱ्यात उभा राहून पाहतो. शि. द. फडणीस यांच्या शब्दांवाचून हसवणाऱ्या चित्रांची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे मौन परके वाटले नाही. मला मात्र या मुक्या माणसात जमिनीवर पालथे पडून 'पंच'ची पाने उलटणारा तो मुलगा दिसतो. त्यालाही खालच्या ओळी कळत नव्हत्या. मोठी माणसे काय बोलत आहेत हे न समजता, त्यांच्या भुवया आणि खांदे पाहून, खरे काय चालले आहे ते तो ताडत होता. लक्ष्मण यांनी हे असे कुठे मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. हा माझा तर्क आहे, आणि तो मी सोडायला तयार नाही.

रोज एक चित्र. सकाळी कचेरीत यायचे, वर्तमानपत्रे चाळायची, सुचेपर्यंत बसायचे, सुचले की काढायचे. आणीबाणीत हात बांधले गेले तेव्हाचा काळ त्यांना जड गेला. बाकी पंतप्रधान बदलले, महागाई बदलली नाही, रस्त्यातले खड्डे तर मुळीच नाहीत. ते गेले त्याच वर्षी, २०१५ मध्ये, आपल्या बेळ्ळंदूर तलावाचा पांढरा फेस वाऱ्याबरोबर रस्त्यावर येऊ लागला आणि पाण्याने पेटही घेतला. पाण्याला आग लागते आणि कोपऱ्यात चौकड्यांच्या कोटातला एक माणूस ती पाहत उभा आहे, हे चित्र काढायला ते नव्हते याची हळहळ मला तेव्हा वाटली होती.

मुलांसाठीही त्यांनी काढले. पत्नी कमला या बालसाहित्य लिहीत. त्यांच्या 'थामा' या हत्तीच्या पिल्लाच्या गोष्टींना लक्ष्मण यांची चित्रे आहेत. त्याआधी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी त्यांनी 'गट्टू' रेखाटला. कपाळावर केसांची बट आलेला, हाती रंगाचा डबा आणि कुंचला घेतलेला हा खट्याळ पोरगा कित्येक दशके देशभरच्या दुकानांच्या पाट्यांवर उभा होता. भिंती रंगवणाऱ्या मुलाला भिंतींच्या रंगाचा मानकरी करण्यात लक्ष्मण यांनी स्वतःच्या बालपणाशी थोडी गंमत केली असेल का, हे त्यांनाच ठाऊक.

मानसन्मान पुष्कळ झाले. १९८४ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, २००५ मध्ये पद्मविभूषण. १९८८ मध्ये 'टाइम्स'च्या दीडशे वर्षांनिमित्त निघालेल्या टपाल तिकिटावर कॉमन मॅन आला, आणि बेंगळुरूहून सुरू झालेल्या एअर डेक्कन या स्वस्त विमानसेवेनेही त्यालाच आपले बोधचिन्ह केले. परंतु या सगळ्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती एक भेट. डेव्हिड लो एकदा मुंबईला आले होते आणि लक्ष्मण त्यांना भेटले. ज्याची सही वाचताना लहानपणी चूक झाली होती तो माणूस समोर उभा होता, आणि तोवर म्हैसूरच्या त्या मुलाची स्वतःची सही देशभर लोक न चुकता वाचू लागले होते.

२००३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वडिलांना गाठले त्याच आजाराने मुलालाही गाठले. शरीराची डावी बाजू अधू झाली. नंतरची वर्षे पुण्यात गेली. पुन्हा झटके आले, बोलणे कमी झाले, पण कागद समोर आला की हात चाले. मंगळयान सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले, त्या यशावरही त्यांनी आजारपणात चित्र काढले, आणि कॉमन मॅन त्यात होताच.

२६ जानेवारी २०१५ रोजी, प्रजासत्ताकदिनी, पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात त्यांचे निधन झाले. सिंबायोसिस संस्थेच्या आवारात कॉमन मॅनचा पुतळा २००१ पासून उभा आहे. अंत्यदर्शनासाठी लक्ष्मण यांचे पार्थिव तिथेच, त्या पुतळ्याजवळ ठेवण्यात आले होते. ओळीने लोक येत होते, फुले ठेवून पुढे जात होते. त्यानंतर वैकुंठ स्मशानभूमीत शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.